कशेळीच्या मैदानावरचा अपंगांचा चौथरा

जबाब देणार : क्षितिजा चांगदेव तरे, वय २७ वर्षे, धंदा – एसटीडी बूथ व मोबाईल रिचार्ज, राहणार मु. शेलार, ता. भिवंडी, जि. ठाणे. दिनांक ८ फेब्रुवारी २००८.

मला कोणी बोलावलेले नाही. माझा भाऊ भाविक याच्यावर दाखल झालेल्या मारहाणीच्या गुन्ह्याबाबत मला जे माहीत आहे ते सांगण्यासाठी मी स्वतःहून आले आहे. समक्ष सांगते ते असे की,

वरील पत्त्यावर मी वडील चांगदेव तरे, आत्या आक्का व धाकटा भाऊ भाविक, वय २४, यांच्यासह राहते. आई हयात नाही. माझे दोन्ही पाय लहानपणी पोलिओने गेले. घरात मी बसून सरकते, बाहेर हाताने चालवायची तीनचाकी सायकल वापरते. शेलार नाक्यावर अपंगांच्या कोट्यातून मिळालेला बूथ मी चालवते. भाविक पूर्णा येथे एका गोदामात लोडिंग सुपरवायझर आहे. त्याच्यावर यापूर्वी कोणतीही केस नाही.

फिर्यादी दीपेश मढवी, राहणार कशेळी, यांना मी ओळखते. त्यांची पूर्णा येथे गोदामे आहेत. त्यातील एका गोदामाची भिंत आमच्या शेताच्या बांधाला लागून आहे. त्यावरून पूर्वी माझे वडील व त्यांचे वडील यांच्यात बोलाचाली झाली होती. ती तलाठ्यासमोर मिटली. त्यानंतर दोन्ही घरांचे लग्नकार्यात येणेजाणे आहे. हे मी मुद्दाम सांगत आहे.

मागील दिवाळीनंतर दीपेश मढवी माझ्या बूथवर आले. कशेळी येथे खाडीकडेच्या मैदानावर फेब्रुवारीत संगीत महोत्सव घ्यायचे त्यांच्या समितीने ठरवले होते. आगरी गाणी, कव्वाली व ऑर्केस्ट्रा असा कार्यक्रम होता. ते म्हणाले, "ताई, बॅनरवर आम्ही 'अपंगांसाठी खास सोय' असं टाकलंय. पण सोय म्हणजे करायचं काय, ते आमच्यात कोणाला म्हाईत न्हाय. तुम्ही सांगा, मी करतो."

असे मला यापूर्वी कोणी विचारले नव्हते. उघड्यावरचे गाण्याचे कार्यक्रम मी ऐकलेले आहेत, पाहिलेले नाहीत. बसलेल्या माणसाला तिथे फक्त उभ्या माणसांच्या पाठी दिसतात.

मी त्यांना सांगितले की, गर्दीच्या वर दिसेल एवढा उंच लाकडी चौथरा पाहिजे. त्यावर चढायला पायऱ्या नकोत, उतार पाहिजे, आणि तो इतका सौम्य पाहिजे की कोणी न ढकलता चाक वर जाईल. फाटकापासून तिथपर्यंत मैदानातल्या मातीवर प्लायवूड टाकायला पाहिजे. आणि चौथऱ्याच्या जवळ रुंद दाराचा संडास पाहिजे, आत कमोड व धरायला पाईप. शेवटचे सांगताना मला संकोच वाटला, पण मी सांगितले. त्यांनी सर्व मान्य केले.

दीपेश मढवी यांनी ते केलेही, हे मी सांगितले पाहिजे. सुतार उतार एवढा लांब कशाला म्हणून कुरकुरत होते तेव्हा ते त्यांना म्हणाले, "ताई सांगतील तसा करायचा. त्यांना चढायचंय, तुम्हाला न्हाय." कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांनी मला मैदानावर बोलावले व दवाखान्यातून आणलेली चाकांची खुर्ची दिली. त्या खुर्चीवरून मी उताराने स्वतः वर गेले. कोणाचाही हात लागला नाही. वरून मला स्टेज, खाडी व पलीकडचा पूल दिसला. खाली येऊन मी पत्र्याच्या संडासातही जाऊन आले. दार लागत होते, पाईप घट्ट होता. मढवी बाहेर टाळ्या वाजवत होते. घरी येऊन मी आक्काला हे दोनदा सांगितले.

माझ्या शब्दावर आणखी काही अपंग लोक कार्यक्रमाला आले. त्यात पूर्णा येथील जानकीबाई भोईर होत्या. साखरेच्या आजाराने त्यांचा एक पाय गुडघ्याखाली काढलेला आहे व त्या कुबड्यांवर चालतात. त्या यायला तयार नव्हत्या. मी त्यांना फोनवर म्हणाले, "मावशी, या वेळी सगळं नीट हाय. मी सोता बघून आले."

दिनांक २ फेब्रुवारी, शनिवार रोजी संध्याकाळी भाविकने मला मैदानावर सोडले व तो ड्युटीला गेला. मी त्याच चाकांच्या खुर्चीवर व इतर लोक असे आम्ही चौथऱ्यावर बसलो. कार्यक्रम सुरू झाल्यावर गर्दी वाढली. उतारावरून स्टेज चांगले दिसते हे लोकांच्या लक्षात आले व बायका-मुलांसह माणसे उतारावर बसली. थोड्याच वेळात वरपासून खालपर्यंत उतार भरला. चौथऱ्यावर पिवळा टी-शर्ट घातलेले दोन कार्यकर्ते होते. त्यांनी लोकांना उठवण्याचा प्रयत्न केला. उठलेली माणसे पुन्हा बसली.

काही वेळाने मला लघवीला जायचे होते. मी एका कार्यकर्त्याला सांगितले. तो लोकांमधून वाट काढून संडासापर्यंत जाऊन आला व म्हणाला, "ताई, त्याला कुलूप हाय. गाणाऱ्या मॅडमचे कपडे ठेवलेत आतमधी. त्या कपडे बदलतात तिकडं." दुसरे संडास मैदानाच्या टोकाला होते. ते बैठे होते व त्यांना पायऱ्या होत्या. मी त्याला चावी आणण्यास सांगितले. तो गेला व आला नाही.

मी दीपेश मढवी यांना मोबाईल केला. ते स्टेजजवळ होते, आवाज फार होता. ते म्हणाले, "ताई, पाच मिनिटं थांबा. पाव्हणे आलेत." मी नेमके काय हवे आहे ते त्यांना ओरडून सांगू शकले नाही, कारण बाजूला उतारावर पुरुष बसले होते. मी फक्त "चावी पाठवा" म्हणाले. ते "कसली चावी?" म्हणाले व फोन कट झाला. नंतर मी दोन वेळा केला, त्यांनी उचलला नाही.

जानकीबाईंना कळले होते. त्या म्हणाल्या, "पोरी, कड काढ. गानं संपला का लोक हालतील."

गाणे संपले व निवेदक स्टेजवर आला. तो म्हणाला की, या महोत्सवात आपल्या अपंग बंधुभगिनींसाठी खास सोय केलेली आहे, असे आपल्या भागात पहिल्यांदाच होत आहे, दीपेशभाऊंसाठी टाळ्या झाल्या पाहिजेत. मग त्याने दिवा व कॅमेरा चौथऱ्याकडे वळवायला सांगितले. स्टेजच्या दोन्ही बाजूंना मोठे पडदे होते. त्यावर आम्ही दिसलो. निवेदक म्हणाला, "पुढच्या खुर्चीवरच्या ताई, जरा हात करा सगळ्यांना! अजून वर घ्या ताईंना, लोकांना दिसू द्या!"

दोन्ही कार्यकर्त्यांनी माझी खुर्ची दोन बाजूंनी धरली व खांद्यापर्यंत उचलली. मी "नको, नको" म्हणाले. ते बँडच्या आवाजात ऐकू गेले नसेल. त्यांची चूक आहे असे माझे म्हणणे नाही. ते हसत होते, त्यांना वाटले मी लाजते आहे.

पडद्यावर मी मला पाहिले. मी हात हालवत होते व हसत होते. त्याच वेळी माझी लघवी झाली. ती थांबवणे माझ्या हातात नव्हते. ड्रेस फिक्या रंगाचा होता, त्याच दिवशी पहिल्यांदा घातलेला. लघवी पायांवरून खुर्चीच्या कडेने गेली व उजवीकडच्या कार्यकर्त्याच्या मनगटावर पडली. त्याने हात झटकला. खुर्ची एका बाजूला कलली. मी दांडी धरली. दुसऱ्या हाताने मी हात हालवतच होते. का, ते मला सांगता येत नाही.

पुढून शिट्ट्या आल्या. काही लोक हसले. पुष्कळ लोक हसले नाहीत, त्यांनी तोंड फिरवले. उतारावर बसलेल्या एका बाईने आपल्या मुलाचे डोळे झाकले. नंतर पडद्यावर पुन्हा स्टेज आले.

खुर्ची खाली ठेवल्याबरोबर जानकीबाईंनी आपली पाण्याची बाटली उघडून सगळी माझ्या मांडीवर ओतली व मोठ्याने ओरडल्या, "अगो बाय! सांडला ना माझा पानी! हात कापतान माझे!" त्यांचे हात कापत नाहीत. पाणी थंड होते.

कार्यक्रम संपेपर्यंत मी तशीच बसले, कारण उतार भरलेला होता. भाविक न्यायला आला तेव्हा मी त्याला पाणी सांडले असे सांगितले. आक्कालाही तेच सांगितले. ड्रेस मी रात्रीच धुतला.

सोमवारी एका स्थानिक वर्तमानपत्रात अपंगांसाठी आदर्श सोय अशी बातमी आली. सोबत माझा हात वर केलेला फोटो होता. तो फक्त छातीपर्यंत छापलेला होता. माझ्या वडिलांना वाचायला कमी दिसते, त्यांनी बातमी नाक्यावर दोघा-तिघांकडून वाचून घेतली. मग कात्रण माझ्या बूथच्या काचेला आतून चिकटवले. ते म्हणाले, "माझी पोर पेपरमधी आली." मी ते काढू शकले नाही. काढले असते तर का काढले ते सांगावे लागले असते. मी दोन दिवस त्या फोटोखाली बसून रिचार्ज विकला. कोणी फोटोकडे बघून माझ्याकडे बघितले की हा शनिवारी तिथे होता का, असे मला वाटत होते.

बुधवार, दिनांक ६ रोजी दुपारी भाविक ड्युटी सोडून बूथवर आला. गोदामातील पोरांच्या मोबाईलमध्ये ब्लूटूथने एक क्लिप फिरत होती. त्याच्यासोबत काम करणाऱ्या एका भैयाने ती त्याला दाखवली होती. ही कोण आहे, हे त्या भैयाला माहीत नव्हते. तो हसत "देख, देख" म्हणाला होता. भाविकने त्याचा मोबाईलच आणला होता. तो माझ्यासमोर धरून म्हणाला, "ही तू हाईस का गो?"

मी म्हणाले, "पानी सांडला होता. जानकीमावशीला विचार."

तो म्हणाला, "पानी मागून पडलाय ताई. आधी तू हात हालवतेस."

मी म्हणाले, "ती मी न्हाय."

त्याने काचेवरच्या कात्रणाकडे पाहिले. मग तो म्हणाला, "तू मना सांगितला का न्हाय?" आतमध्ये एक गिऱ्हाईक फोनवर बोलत होते. मी त्याचे मीटर बघत राहिले. भाविक मोटारसायकल घेऊन गेला. तो कुठे जात आहे हे मला कळले होते. माझ्यासमोर चालू टेलिफोन होता. मी दीपेश मढवी यांना फोन करून सावध करू शकत होते. मी केला नाही. फोन केला असता तर मला कारण सांगावे लागले असते.

त्यानंतर भाविकने कशेळी येथे मढवी यांच्या ऑफिसमध्ये जाऊन त्यांना लोखंडी खुर्चीने मारले, हे मला संध्याकाळी समजले. त्यांचे मनगट मोडले असून डोक्याला टाके पडले आहेत. मारताना मी तिथे नव्हते. भाविकने मारले हे खरे आहे. त्याने मारले नाही, असे सांगण्यासाठी मी आलेली नाही.

काल माझे वडील भाविकला लॉकअपमध्ये भेटून घरी आले. त्यांनी सांगितले की, मढवी यांनी फिर्यादीत बांधाच्या जुन्या भांडणावरून मारले असे लिहून दिले आहे, आणि भाविकनेही बांधावरूनच मारले असे पोलिसांना सांगितले आहे. वडील मला म्हणाले, "दोघांचा एकच बोलणं हाय. तू मधी पडू नको." क्लिपबद्दल त्यांना तोपर्यंत कळले होते. बूथच्या काचेवरचे कात्रण सकाळीच कोणीतरी काढलेले होते. ते कोणी काढले, हे मी विचारले नाही. आक्का म्हणाली, "पोरगा सुटेल कधीतरी. तुझा नाव एकदा कागदावर चढला का उतरायचा न्हाय."

मी बूथवरून दीपेश मढवी यांना दवाखान्यात फोन केला. ते रडत होते. ते म्हणाले, "ताई, मॅडम अडून बसल्या म्हणून मी कुलूप लावायला सांगितला. तुम्हाला लागेल हे माझ्या ध्यानातच आला न्हाय. मी चुकलो. पण मी तुमचं नाव कुठं येऊ दिलं न्हाय." मी म्हणाले, "तुमचं पण कुठं आलं न्हाय, दादा." मी फोन ठेवला.

मढवी यांनी खोटे लिहून दिले ते माझ्या अब्रूसाठी, की समितीच्या नावासाठी, हे मला माहीत नाही. दोन्हीसाठी असेल. भाविकने खोटे सांगितले ते माझ्यासाठीच. पण त्यामुळे तो जमिनीसाठी माणसाला मारणारा ठरतो. तसा तो नाही. आणि कशेळीच्या मैदानात काय झाले ते कुठेच नोंदले जात नाही. पुढच्या वर्षी बॅनरवर पुन्हा खास सोय असे येईल व कोणीतरी माझ्यासारखी जाईल.

आज सकाळी मी शेलारहून सायकल चालवत येथे आले. वडील मागून रिक्षाने आले. पोलीस ठाण्याला पायऱ्या आहेत. शिपायांनी मला उचलून आत नेण्याची तयारी दाखवली. मी नको म्हणाले. तेव्हा टेबल आवारात आणून जबाब येथे घेण्यात येत आहे.

चौथऱ्यावर जाण्यापूर्वीच लघवीला का गेला नाहीत, असे साहेबांनी विचारले. त्याबाबत सांगते की, मी गेले होते. संध्याकाळी पाच वाजता कुलूप नव्हते.

मग कार्यक्रम होईपर्यंत पाणी कशाला प्यायलात, असे साहेबांनी विचारले. त्याबाबत सांगते की, कुठेही बाहेर जायचे असले की मी आदल्या रात्रीपासून पाणी सोडते. लग्न असो, तहसील कचेरी असो. उन्हाळ्यातही. हे माझ्या घरात कोणाला माहीत नाही. जानकीबाईही तेच करतात, म्हणून त्यांची बाटली भरलेली होती. त्या शनिवारी मात्र मी दुपारी जेवणावर पाणी प्यायले. मैदानावर कोकम सरबत वाटत होते, ते दोन ग्लास घेतले. मला तहान लागली होती, आणि संडास मी स्वतः पाहिला होता.

लिहून घेणाऱ्या बाईंनी वर "कार्यक्रमस्थळी तिची गैरसोय झाली" असे लिहिले होते. माझ्या भल्यासाठीच त्यांनी तसे लिहिले. ते खोडून मी सांगितलेले शब्द लिहावेत असे मी त्यांना सांगितले. बसायला जागा नसेल तर गैरसोय म्हणतात. त्यांनी खोडून लिहिले आहे व खाडाखोडीवर माझी सही घेतली आहे.

भाविकने मारले त्याची कायद्याप्रमाणे जी शिक्षा असेल ती होईल. माझी मागणी एवढीच आहे की, कारण खरे लिहावे. मढवी यांच्याविरुद्ध तक्रार द्यायची आहे का, असे विचारले असता, मला आज ते सांगता येत नाही. त्यांनी उतार बांधला होता हेही माझ्या डोळ्यांसमोर आहे. क्लिप कोणी काढली ते मला माहीत नाही. ज्यांच्या मोबाईलमध्ये ती आहे त्यांनी ती काढून टाकावी, असे मला वाटते, पण ते कोण आहेत हेही मला माहीत नाही. जानकीबाई भोईर जबाब देण्यास तयार आहेत. त्यांनाही आत उचलून नेऊ नये.

लिहून झाल्यावर बाईंनी हा जबाब मला येथे आवारातच वाचून दाखविला. त्या वेळी पासपोर्टच्या चौकशीसाठी आलेले काही लोक, दोन रिक्षावाले व माझे वडील जवळ उभे होते. पडद्यावर मी मला पाहिले, येथपर्यंत आल्यावर बाईंनी आवाज खाली केला. मी त्यांना थांबवून तेवढा भाग पुन्हा, आधीच्याच आवाजात वाचण्यास सांगितले. त्यांनी तो वाचला. मी मान वर केली नाही. वडील कुठे बघत होते ते मला माहीत नाही, पण ते तेथून गेले नाहीत.

ऐकलेले सर्व माझ्याच तोंडचे व घडल्याप्रमाणे आहे. त्यात कमी करायचे काही नाही. सही करते.

(सही)
क्षितिजा चांगदेव तरे

समक्ष,
महिला पोलीस नाईक